येरवड्याचे दोन पत्ते आणि बाबांचं डिस्चार्ज कार्ड

(एपिसोडचं लिखित रूप. या भागात आत्महत्येच्या प्रयत्नाचा उल्लेख आहे. आत्ता ऐकवत नसेल किंवा वाचवत नसेल तर खुशाल थांबा, नंतर या. आणि आत्ताच कुणाशी तरी बोलावंसं वाटत असेल तर टेली-मानस, १४४१६. दिवसरात्र चालू असतं, मराठीत बोलता येतं.)

आपल्याकडे नेहमी किल्ले, लढाया, पेशवाई असा इतिहास असतो. आजचा इतिहास एका कायद्याचा आहे. पण सुरुवात माझ्यापासून करतो, कारण हा कायदा आमच्या घरात येऊन गेला होता आणि मला ते कळायला सतरा वर्षं लागली.

मी चिंचवडला राहतो, हिंजवडीला नोकरी करतो. गेल्या वर्षी माझं काहीतरी बिनसलं. ऑन-कॉल, रात्रीचे रिलीज, झोपेचं खोबरं, हे सगळ्यांचंच असतं म्हणून मी सात-आठ महिने काढले. मग रविवारी सकाळीसुद्धा अंथरुणातून उठवेना. क्रिकेट बघायचा कंटाळा, जेवायचा कंटाळा, आईचा फोन उचलायचा कंटाळा. एका मित्राने अक्षरशः गाडीवर बसवून मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "घरात आधी कुणाला असा त्रास झाला होता का? आई, वडील, काका, आजोबा?"

मी म्हणालो, "नाही."

मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच माहीत नव्हतं. आणि ते मला माहीत नसण्यामागे १८६० सालचा एक कायदा होता.

आता इतिहासाकडे येऊ.

पुण्या-पिंपरीत वाढलेल्या कुणालाही 'येरवड्याला पाठवू का?' हे वाक्य नवीन नाही. शाळेत आम्ही ते रोज वापरायचो. गंमत अशी, की या वाक्याचे दोन अर्थ होतात. येरवड्याला मध्यवर्ती कारागृह आहे आणि येरवड्यालाच मनोरुग्णालय आहे. गुन्हा केलास तरी येरवडा, डोकं फिरलं तरी येरवडा. कुठलं येरवडा ते बोलणाराही सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही.

तुरुंग १८७१ सालचा. गांधीजी तिथे होते, १९३२चा पुणे करार तिथेच झाला, हे आपण पुस्तकात वाचलंय. मनोरुग्णालयही इंग्रजांच्याच काळातलं, अडीच हजारांच्या आसपास खाटांचं, राज्यातल्या सगळ्यात मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. शाळेच्या इतिहासात मात्र ते कधी आलं नाही.

इंग्रजांनी आपल्याला दोन कायदे दिले, ते इथे महत्त्वाचे आहेत. पहिला वेड्यांविषयीचा. १८५८मध्ये एक आला, मग १९१२मध्ये 'इंडियन लुनसी ऍक्ट'. या कायद्यात दवाखान्याच्या दारापर्यंत जायचा रस्ता बऱ्याचदा पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्यामार्फत जायचा. रस्त्यावर भटकणाऱ्या वेडसर माणसाला पोलिसांनी धरायचं, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, त्यांनी हुकूम दिला की रवानगी. म्हणजे आजारी माणसाची पहिली भेट खाकी वर्दीशी.

दुसरा कायदा म्हणजे १८६०ची भारतीय दंड संहिता. तिचं कलम ३०९. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत साधी कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

जरा थांबून विचार करा. एक माणूस इतका खचलाय की त्याला जगणं नकोसं झालंय. तो वाचतो. शुद्धीवर येतो. आणि त्याच्या खाटेशेजारी पोलीस जबाब घ्यायला उभा असतो, कारण तो आता आरोपी आहे. एकाच माणसाला दोन पत्ते, आणि दोन्ही येरवड्याचे. आजारी धरलं तर हा, गुन्हेगार धरलं तर तो.

प्रत्यक्षात फार कमी लोक या कलमाखाली तुरुंगात गेले असतील. पण कायद्याचा परिणाम शिक्षेपुरता नसतो, भीतीतूनही तो होतोच. घरच्यांनी काय केलं असेल? जे कुणीही करेल तेच. डॉक्टरांना सांगितलं, "चुकून झालं." "पाय घसरला." "अंधारात दिसलं नाही." कागदावर अपघात लिहिला गेला. पोलीस परत गेले, घराची अब्रू वाचली, आणि पेशंट जखम भरल्यावर घरी आला. ज्या आजारामुळे हे झालं त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही, त्यामुळे त्याच्यावर उपचारही नाहीत.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, माझ्या भाषेत सांगतो. सिस्टीम क्रॅश झाली आणि लॉगमध्ये मुद्दाम चुकीचं कारण लिहिलं, तर खरा बग सापडणार कसा? तो तिथेच राहणार. परत कधीतरी क्रॅश होणार.

हा कायदा आपल्याला ज्यांनी दिला, त्या इंग्रजांनी स्वतःच्या देशात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा १९६१मध्ये रद्द केला. आपल्याकडे विधी आयोगाने १९७१च्या अहवालात सांगितलं की हे कलम काढून टाका. १९७८मध्ये तसं विधेयक राज्यसभेत मंजूरही झालं. पण लोकसभेत मंजूर व्हायच्या आत १९७९मध्ये लोकसभाच बरखास्त झाली, आणि विधेयक गेलं बाराच्या भावात.

यानंतरचं महत्त्वाचं पान महाराष्ट्रात लिहिलं गेलं. साल १९८६.

मुंबई पोलिसांत एक हवालदार होते. रस्त्यावरच्या अपघातात त्यांच्या डोक्याला मार बसला आणि नंतर मानसिक आजार सुरू झाला. उपचार चालू होते. घर चालवायला हातभार म्हणून बायकोला भाजीचं दुकान टाकायचं होतं, त्याची परवानगी महापालिकेकडून हवी होती. त्यासाठी हेलपाटे चालले होते. १९८५मध्ये एक दिवस ते पालिका आयुक्तांच्या कार्यालयापाशी गेले, भेट मिळाली नाही, आणि तिथेच त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. लोकांनी वेळीच थांबवलं. मग काय झालं? कलम ३०९खाली गुन्हा.

बघा, ज्याच्या खात्याचं काम लोकांवर गुन्हे दाखल करायचं, त्याच्यावरच हा गुन्हा दाखल झाला. आणि तो नुसता घाबरून गप्प बसला नाही. कलमच घटनेविरुद्ध आहे असं म्हणत हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. 'मारुती श्रीपती दुबल विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने लॉ कॉलेजची मुलं आजही ते वाचतात.

न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने १९८६मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं. म्हणणं थोडक्यात असं, की माणसं वेगवेगळ्या कारणांनी या टोकाला जातात आणि कायदा सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. ज्याचं मन आजारी आहे त्याला मानसोपचाराची गरज आहे, कोठडीची नाही. जो मरणालाच भीत नाहीये त्याला एक वर्षाच्या कैदेची भीती घालून काय साधणार?

आता योगायोग बघा. त्याच १९८६ सालच्या २९ ऑगस्टला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात एक नवीन दार उघडलं. मुक्तांगण. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनात अडकलेल्या पोरांवर लेखमाला लिहिली होती. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. डॉ. अनिता अवचट याच मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांनी व्यसनमुक्ती केंद्राची जबाबदारी घेतली. व्यसनी माणूस म्हणजे वाया गेलेला माणूस, ही तेव्हाची पक्की समजूत. मुक्तांगणने म्हटलं, हा आजार आहे, आणि तो एकट्याचा नाही, घराचा आहे. म्हणून तिथे पुढे पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट झाला. नवऱ्याच्या उपचाराच्या वेळी बायकोलाही कुणीतरी 'तू कशी आहेस?' असं विचारायला लागलं.

म्हणजे एकाच वर्षात मुंबईत एक न्यायाधीश म्हणत होते की हा गुन्हेगार नाही, आणि येरवड्यात एक डॉक्टर म्हणत होती की हा वाया गेलेला नाही. येरवड्याच्या दोन पत्त्यांच्या मधोमध तिसरा पत्ता तयार होत होता.

इथे चित्रपट संपला असता तर बरं झालं असतं. पण नाही. १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम ३०९ रद्द ठरवलं, आणि दोनच वर्षांत, मार्च १९९६मध्ये, 'ग्यान कौर' खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला. कलम वैध. मुंबईचा निकालही त्यासोबत गेला. हवालदारांनी जिंकलेली लढाई दहा वर्षांनी हातातून निसटली.

आणि म्हणून २००८मध्ये, भोसरीत, आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते कलम जिवंत होतं.

आपला हा पट्टा कसा वाढला ते तुम्हाला माहीत आहे. १९५४ला पिंपरीत सरकारी पेनिसिलिनचा कारखाना आला, १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली, मग मोठ्या गाड्यांचे कारखाने, त्यांच्याभोवती भोसरीतली शेकडो छोटी वर्कशॉप, नंतर चाकण. सातारा, सोलापूर, लातूर, बीड, विदर्भ, सगळीकडून माणसं आली. वरच्या कंपनीत गाडी कमी बनली की खालच्या वर्कशॉपमध्ये आधी ओटी बंद होतो, मग एक शिफ्ट बंद होते, मग 'ब्रेक' मिळतो. २००८च्या शेवटी जगभरची मंदी इथे पोचली ती अशीच.

बाबा भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. त्यांना ब्रेक मिळाला. मी सहावीत होतो. मला आठवतं ते एवढंच, की बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे आणि आई म्हणायची, "बाबांना बरं नाही, आवाज करू नका." मग एका रात्री धावपळ झाली, आम्हा भावंडांना शेजारच्या काकूंकडे झोपवलं. काही दिवसांनी बाबा दवाखान्यातून आले. "पडले होते," असं सांगितलं. मीही तेच धरून चाललो.

गेल्या वर्षी डॉक्टरांना 'नाही' सांगून आल्यानंतर, विम्याचे कागद शोधताना मला कपाटात जुनी फाईल सापडली. त्यात बाबांचं २००८चं डिस्चार्ज कार्ड. कारणाच्या रकान्यात 'अपघाताने झालेली इजा'. सोबत पोलिसांच्या जबाबाची प्रत, त्यावर आत्याची सही. एवढ्या साध्या पडण्यासाठी इतके कागद कशाला, म्हणून मी आईला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्याने सांगितलं होतं, खरं सांगितलंस तर केस होईल. तुझ्या बाबांना आधीच काम नव्हतं. वर केस झाली असती तर कुणी उभं केलं असतं का दारात?"

मी आत्याला दोष देत नाही. त्या रात्री तिच्यासमोर जे होतं त्यात तिने भावाला वाचवलं. पण त्या एका शब्दामुळे, 'अपघात', बाबांना कुठल्याही डॉक्टरने कधी विचारलं नाही की झोप लागते का, मनात काय येतं. मंदी ओसरली, दुसरीकडे काम मिळालं, ते हळूहळू माणसात आले. मधली वर्षं त्यांनी कशी काढली असतील, ते मला आत्ता कुठे कळतंय. आणि तोच शब्द सतरा वर्षांनी माझ्या केसपेपरवर 'कौटुंबिक इतिहास: नाही' बनून आला.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना उत्तर दुरुस्त करून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, केसपेपरवर एक ओळ लिहिली आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." एवढंच. कुणी पोलीस आला नाही.

कारण मधल्या काळात कायदा बदलला होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू झाला २९ मे २०१८पासून. त्याचं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जाईल आणि तिच्यावर खटला चालणार नाही, शिक्षा होणार नाही. पुढचं वाक्य मला जास्त आवडतं. अशा माणसाची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. १८६०चा कायदा त्याला कैद देत होता, २०१७चा कायदा म्हणतो की आपणच त्याचं देणं लागतो.

नंतर दंड संहिताच गेली. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, आणि तिच्यात जुनं कलम ३०९ नाही. पण एक छोटी मेख आहे. नव्या संहितेचं कलम २२६. सरकारी नोकराला त्याचं काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा कामापासून रोखण्यासाठी कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर तो अजूनही गुन्हा आहे. आता १९८५चा तो हवालदार आठवा. आयुक्तांचं कार्यालय, न मिळालेली भेट. ज्याच्या नावाने ही सगळी लढाई सुरू झाली, त्याच्यासारख्या माणसाला आजही कुणी या नव्या कलमात बसवू पाहिलं, तर वाद घालायला जागा आहे. इतिहास संपलेला नाही, मंडळी.

आता तुमच्या-माझ्या कामाचं. जे ऐकताय ते चाकणच्या बसमध्ये असाल, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असाल, तिसऱ्या शिफ्टच्या चहाला असाल, तरी एवढं लक्षात ठेवा.

एक. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास आहे, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलीय, तर तो आळस नाही. डॉक्टरकडे जा. औषध दिलं तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. मी पाचव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून गोळ्या बंद करणार होतो, मित्राने शिव्या घालून थांबवलं. बंद करायच्या असतील तरी डॉक्टरांना विचारूनच.

दोन. डॉक्टरांना खरं सांगा. तुमच्या मानसिक आजाराची माहिती गुप्त ठेवली जावी हा त्याच २०१७च्या कायद्याने, कलम २३ने, दिलेला हक्क आहे. तुमचा मॅनेजर किंवा सुपरवायझर डॉक्टरांना फोन करून ती मागू शकत नाही.

तीन. विमा. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्या, असं हा कायदा म्हणतो आणि विमा नियामकाने ऑगस्ट २०१८मध्ये कंपन्यांना तसं कळवलंय. पण बहुतेक पॉलिसी ऍडमिट झाल्यावरचाच खर्च देतात, ओपीडीचा नाही. आपली पॉलिसी काढून वाचा. मीही त्याच नादात ती फाईल उघडली होती.

चार. मित्र गप्प झाला असेल तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत. उलट, इतके दिवस कुणी विचारलं नाही, याचंच ओझं असतं. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, आणि नंबर पुन्हा सांगतो, १४४१६.

शेवटी बाबांचं. हा एपिसोड करण्याआधी मी त्यांची परवानगी घेतली. मला वाटलं होतं ते नको म्हणतील. त्यांनी विचारलं, "माझं नाव घेणार का?" मी म्हटलं, नाही. मग चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत. कप ठेवताना म्हणाले, "त्या डॉक्टरांकडे तू परत कधी जाणारेस?"

मी म्हटलं, शनिवारी.

"मला पण घेऊन चल. झोप नीट लागत नाही रे बरीच वर्षं."

शनिवारी आम्ही दोघं गेलो. बाबांचा नवीन केसपेपर काढला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, ते या वेळी बाबांनी स्वतः सांगितलं.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.